चार सुतांची खुंटी

तपासनीस साहेबांनी आमच्या शाळेच्या शेरेबुकात हस्तव्यवसाय या विषयापुढे एकच ओळ लिहिली होती : ‘हात दिसले. व्यवसाय दिसला नाही.’

वाक्य चांगलं आहे, हे मी पहिल्या दिवसापासून मान्य करत आलो आहे. ते भूगोलाच्या मास्तरांविषयी असतं तर मी स्वतः चार घरी जाऊन सांगितलं असतं. पण लालबागच्या त्या शाळेत हस्तव्यवसाय शिकवणारा मी एकटाच. त्यामुळे ते हात माझे होते आणि न दिसलेला व्यवसायही माझाच होता. हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांच्याकडे मोडके बाक फार होते. “शामराव,” ते म्हणाले, “फेब्रुवारीत साहेब पुन्हा येतायत. या खेपेला काही दिसलं नाही, तर मागची पत्र्याची खोली मी बाकांना देणार. तुम्हाला कवायत देऊ.”

कवायत! मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो आणि चाळीचे दोन जिने चढलो की तिसऱ्याआधी नळापाशी थांबून लोकांची विचारपूस करत असे. लोक मला फार आपुलकीचा माणूस समजत. खरं तर मला धाप लागलेली असायची.

पण कवायतीपेक्षाही मला त्या खोलीचं वाईट वाटलं. दुपारी तीनच्या सुमाराला पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या आत उतरायच्या. त्यांत लाकडाचा भुसा आणि समोरच्या गिरणीतून उडून आलेला कापूस तरंगत राहायचा. चाळीस मुलं चाळीस आकारांचे पाट तासत बसलेली असायची, आणि मला इतकं बरं वाटायचं की शिकवायचं राहून जायचं. तपासनीस साहेब आले तेही नेमके तीन वाजता.

त्या दिवशी हेडमास्तरांकडून परत येऊन मी खिडकीत उभा राहिलो. गिरणीच्या फाटकातून गाठी भरलेली लॉरी बाहेर पडत होती. एकाच काठाची, एकाच लांबीची हजारो धोतरं. माझ्या मनात आलं, हा काठ कोणीतरी एका माणसाने एकदा बसून ठरवला असेल, आणि आता माझगावपासून चांद्यापर्यंत माणसं तो नेसून हिंडतायत. त्या माणसाचं नाव कोणाला ठाऊक नाही, पण त्याच्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही. मी मुलांना अकरा वर्षं एक वस्तू करायला शिकवत होतो. हजार करायला शिकवलंच नव्हतं. लॉरी वळून गेली, धूळ बसली, तास संपल्याची घंटाही झाली, तरी मी तिथेच उभा होतो.

वस्तू कोणती, हा प्रश्न नव्हता. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं राहायला लागली की सगळ्यात मोठा प्रश्न सदऱ्यांचा असतो. मी खुंटी करायची ठरवली. मुंबईसह सगळ्या महाराष्ट्राच्या भिंतींवर आमच्या सातवी ब ची खुंटी, तिच्यावर सगळ्या महाराष्ट्राचे सदरे, आणि खिडकीतून वारा आला की ते सगळे एकदम हलतायत, असं मला दिसू लागलं. महाराष्ट्र तेव्हा अजून संयुक्त व्हायचा होता. मी माझ्याकडून सुरुवात केली.

पहिला नमुना मी स्वतः केला. फळी आंब्याच्या आकाराची. तिला हंसाच्या दोन माना, एका मानेवर सदरा, दुसरीवर टोपी. तीन रविवार लागले. ती वर्गासमोर ठेवून मी विचारलं, “अशा हजार करायच्या. काय लागेल?”

“तीन हजार रविवार,” दौलत म्हणाला.

हा मुलगा पुढे काहीतरी होणार असं मला तेव्हाच वाटलं, आणि मी त्याला खाली बसवलं. मग शेवंतीने हात वर केला. तिची आई गंगुबाई गिरणीतल्या चाळीस माणसांची खाणावळ चालवायची. “गुरुजी,” शेवंती म्हणाली, “आमची आई एक चपाती लाटली, एक भाजली असं नाय करत. आधी सगळे गोळे. मग सगळ्या लाटून घेते. मग सगळ्या भाजते. आणि चपातीवर नक्षी नाय काढत.”

शेवटचं वाक्य हंसांकडे बघून होतं.

मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘जितके काप कमी, तितके काम कमी. जितके भाग सारखे, तितकी चूक कमी.’ शिकवण्यात एक धोका असतो, मुलं कधीकधी ऐकतात. माझा पहिला हंस सोमवारी गेला, दुसरा मंगळवारी. बुधवारी आंबा गेला. “फळीतून गोल कापत कशाला बसायचं?” दौलतने विचारलं. “गोल वासाच आणू आणि काकडीसारखे काप काढू.” एका कापात एक चकती! मी रात्री अंथरुणावर पडून त्यात खोड शोधत होतो. सापडली नाही. शेवटी खुंटी उरली ती अशी : एक गोल चकती, तिला शेजारी शेजारी दोन भोकं, भोकांत बसणाऱ्या दोन सरळ दांड्या. कोणतीही दांडी कोणत्याही चकतीत बसली पाहिजे. माझं त्यात काहीच राहिलं नव्हतं. मला दुःख झालं आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की बकुळाने, म्हणजे आमच्या हिने, मला ताप आलाय का हे हात लावून पाहिलं.

दांड्या बुधाजी सुतार कातून देणार होता, म्हणून मापं मी सुताराच्या बोलीत लिहिली. सुताराच्या लेखी इंचाचे आठ भाग, आणि त्यातल्या एका भागाला म्हणतात सूत. आराखड्यावर मी वळणदार अक्षरांत लिहिलं, ‘दांडी चार सूत जाड. भोके दोन, चार सुतांची.’ म्हणजे अर्धा इंच. सरळ अर्धा इंच लिहिलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण माणसाला आपल्याला एखादी बोली येते हे दाखवायचा मोह होतो.

पहिली तयार खुंटी मी घरी एका खिळ्यावर ठोकली. एका दांडीवर टोपी ठेवली आणि दुसरीवर ओला सदरा अडकवला. सदऱ्याच्या वजनाने चकती गर्रकन फिरली आणि टोपी उडाली ती थेट आमटीत.

बकुळाने टोपी डावाने बाहेर काढली. “अहो,” ती म्हणाली, “एक खिळा वर, एक खाली मारा. आणि सातवी ब ला विचारून मारा.”

बातमी गॅलरीभर झाली आणि सल्ले सुरू झाले. शेजारच्या कमलाबाईंचं म्हणणं, छत्रीसाठी तिसरी दांडी हवी. कोणाला कॅलेंडरसाठी आकडा हवा होता. तळमजल्यावरचे कोंडीराम, ज्यांचा गणपतीच्या मांडवांचा धंदा होता, ते म्हणाले की मधोमध आरसा बसवा, माणूस टोपी घालताना कुठे बघणार? या सगळ्यांचं ऐकलं असतं तर खुंटीचं कपाट झालं असतं, आणि कपाट ठेवायला जागा असती तर आम्हाला खुंटी कशाला लागली असती? पण कोंडीरामांचा अपमान करून चालणार नव्हतं, कारण वासा त्यांच्याकडून यायचा होता. त्यांनी मांडवाचा एक चांगला गोल वासा दिला आणि आरशाचा विषय आठवडाभर चालू ठेवला.

साहेब येईपर्यंत हजारांपैकी निदान शंभर चकत्या कापायच्या, घासायच्या. वर्गाचे मी खाणावळीप्रमाणे भाग पाडले : आखणारे, कापणारे, घासणारे. घासणाऱ्यांना ताल लागत नव्हता, तो त्यांनी स्वतःच शोधला. काचपेपर पुढे नेताना ‘झालाच’ आणि मागे आणताना ‘पाहिजे’. त्या दिवसांत लालबागमध्ये पाळण्यातलं पोरही एवढं म्हणत असे. वीस घोषणांत चकतीची एक बाजू गुळगुळीत व्हायची, आणि प्रत्येकीला मोजून वीसच मिळाल्यामुळे सगळ्या सारख्या व्हायच्या. हेडमास्तर धावत आले. “शामराव, घोषणा नकोत! शाळेला सरकारी अनुदान आहे!” मग मुलं ओठ मिटून घासू लागली. ताल तोच राहिला.

आता भोकं. पहिल्या खुंटीची दोन मी पटाशीने कोरली होती, पण दोनशे भोकांना गिरमिट हवं. ते शाळेत नव्हतं, आणि बुधाजीचं रोज त्याच्याबरोबर कामावर जायचं. मी कचेरीत अर्ज केला. बारा दिवसांनी विचारणा आली, ‘गिरमिट कशासाठी?’ मी लिहिलं, ‘भोके पाडण्यासाठी.’ नऊ दिवसांनी आलं, ‘भोके कशात? भोके पाडल्यावर मूळ वस्तूचे नुकसान होते किंवा कसे?’ या प्रश्नावर मी एक संपूर्ण संध्याकाळ विचार केला, कारण तत्त्वतः होतंच. माझ्या दीड पानी उत्तराला उत्तर आलं की द्वैभाषिक राज्य झाल्यापासून अर्जाचा नमुना बदलला असून जुन्या नमुन्यातला पत्रव्यवहार झालाच नाही असं समजावं.

साहेब यायला आठ दिवस उरले होते.

अशा वेळी आमच्या वरच्या मजल्यावरचा गुणाजी देवासारखा धावून आला. गुणाजी वीस वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता, कोकणातला, शब्दाला पक्का. “मास्तर, तुमका भोकां होयी ना?” तो म्हणाला. “माका द्या. पोरांसाठी एवढा करूक नको?” मी त्याला शंभर चकत्या, भोकांच्या जागी पेन्सिलीच्या खुणा करून, आणि आराखडा दिला. चकत्यांवर मागे एक ते शंभर असे नंबर घातले होते. आमचं काम शास्त्रशुद्ध होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गॅलरीत बसलो होतो. गिरणीचा भोंगा होऊन गेला होता, समोरच्या छपरांवर पिवळं ऊन होतं, आणि मला त्या छपरांखालच्या भिंती दिसत होत्या. एकेक खुंटी, एकेक सदरा. तेवढ्यात वरून गुणाजीने वाकून विचारलं, “मास्तर, कितव्या नंबराचा सूत?”

मी वर न बघता म्हणालो, “सगळ्या नंबरांना सारखंच.”

“वीस नंबर चलात ना?”

मला वाटलं, तो वीस नंबरच्या चकतीविषयी विचारतोय. “वीसला पण तेच!” मी म्हणालो, आणि पुन्हा छपरांकडे वळलो. या संभाषणाबद्दल मी आजवर कोणालाही दोष दिलेला नाही.

त्यानंतर चार दिवस गुणाजीच्या खोलीतून लाकूड जळल्याचा वास येत होता. तो सायकलची आरी शेगडीत लाल करून भोकं पाडतोय एवढं कळलं. मी म्हटलं, त्याची पद्धत असेल. साहेब बुधवारी यायचे ते हरताळामुळे शनिवारवर गेले. शुक्रवारी गुणाजीने गिरणीच्या कापडात घट्ट शिवलेलं गाठोडं आणून दिलं. “साहेबासमोरच फोडा,” तो म्हणाला. “उद्या मी पण येतंय.” त्याच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं की ते गाठोडं उसवायला माझा हात धजला नाही.

शनिवारी सकाळी पत्र्याच्या खोलीत साहेब खुर्चीवर बसले. शेजारी हेडमास्तर उभे. दाराबाहेर शिपायाने चार मोडके बाक आधीच आणून ठेवले होते. भिंतीशी बुधाजी दोनशे दांड्यांची टोपली घेऊन उभा होता, त्याच्या पलीकडे गुणाजी, नवी टोपी घालून. मी भाषण केलं. एक वस्तू करणं ही कला आहे, हजार करणं हा विचार आहे, वगैरे. मग म्हणालो, “साहेब, टोपलीतली कोणतीही दांडी घ्या, गाठोड्यातली कोणतीही चकती घ्या. बसेल.”

साहेबांनी दांडी घेतली. शेवंतीने गाठोडं उसवून चकती दिली. साहेबांनी दांडी चकतीवर टेकवली आणि चष्मा वर केला. भोक बाजरीच्या दाण्याएवढं होतं.

मी दुसरी चकती घेतली. तिसरी घेतली. साठावी घेतली. शंभर चकत्यांना दोनशे भोकं, आणि सगळी बाजरीएवढी. दांडी माझ्या करंगळीएवढी. मला समोरचं सगळं लांब लांब जाताना दिसलं, आणि त्या लांबवर मी स्वतः शिटी फुंकत कवायत घेत होतो.

गुणाजी मात्र पुढे झाला. खिशातून त्याने सुताचं बॉबिन काढलं, जाडी वीस नंबर, चार धागे एकत्र केले आणि भोकातून सर्रकन ओवले. “बघा साहेब. चार सूत. एक धागो जास्त जाऊचो नाय, एक कमी नाय. दोनशेच्या दोनशे तपासलंय.”

“चार सूत म्हणजे अर्धा इंच, अरे बाबा!” बुधाजी ओरडला.

“अर्धा इंच? सूत म्हणजे सूत! वीस वर्षां मी काय विणतंय, इंच?”

“सूत सुताराचं असतं! नावातच आहे!”

“मग गिरणीत काय सुतार कामाक असतत?”

दोघंही माझ्याकडे वळले. मी आराखड्याकडे पाहिलं. अक्षर वळणदार होतं. “चूक माझी आहे,” मी म्हणालो. अकरा वर्षांत शाळेत मी इतकं स्पष्ट काही बोललो नव्हतो. हेडमास्तरांनी शिपायाला डोळ्याने बाकांची खूण केली.

तेवढ्यात माझ्या मागे ‘भोंऽऽ’ असा आवाज झाला.

दौलत. त्याच्या हातात चकती होती. गुणाजीने ओवलेले धागे त्याने दुसऱ्या भोकातून परत आणून गाठ मारली होती, आणि दोन्ही टोकं दोन हातांत धरून तो ताणत आणि सैल सोडत होता. मधे चकती गरगर फिरत होती, धाग्याला पीळ पडत होता, उलगडत होता. तिच्यावरच्या वर्तुळरेषा दिसेनाशा होऊन नुसता पिवळा धूर राहिला होता. भिंगरी. सगळ्यांना माहीत असलेली. फक्त आम्ही तीन महिने तिला खुंटी म्हणत होतो.

मी त्याच्या पाठीत धपाटा घालणार होतो. पण शेवंतीने माझ्या आधी हुकूम सोडला. “ए, एकेक करू नका! आधी सगळे धागे तोडा. मग सगळ्यांनी ओवा. मग सगळ्या गाठी.” आणि सातवी ब जागेवर बसली. आखणारे धागे मापू लागले, कापणारे तोडू लागले, घासणारे ओवू लागले. कोणी कोणाला काही विचारलं नाही. गुणाजी बॉबिन धरून उभा राहिला आणि बुधाजी, जो अजून रागात होता, तो गाठी कच्च्या मारतायत म्हणून खाली बसून स्वतः मारू लागला. साहेबांनी घड्याळ काढलं. अकराव्या मिनिटाला शंभरावी भिंगरी झाली.

मग चाळीस मुलांनी एकदम फिरवायला सुरुवात केली.

तो आवाज मला सांगता येणार नाही. आधी वेगवेगळा होता, मग हळूहळू एक झाला, आणि पत्रा खालून बारीक थरथरू लागला. भुसा जमिनीवरून उठला. मी कोणत्या गावात आहे, कशासाठी उभा आहे, आपलं काय चुकलं आहे, हे सगळं मी थोडा वेळ विसरलो. मला फक्त चाळीस पिवळे धूर दिसत होते, सगळे एका मापाचे. हेडमास्तर काहीतरी बोलत होते. ऐकू येत नव्हतं, ते एक बरं होतं.

साहेबांनी एक भिंगरी मागून घेतली. त्यांना ती फिरेना. “साहेब, ओढून नाय धरायची,” शेवंतीने सांगितलं, “मधे मधे सोडायची.” ती फिरली. साहेबांनी पाच-सहा वेळा फिरवली, दाराकडे एकदा पाहिलं, आणि आणखी पाच-सहा वेळा फिरवली. मग हात वर केला आणि खोली शांत झाली.

“सगळ्या चकत्यांना चूक सारखीच आहे?” त्यांनी मला विचारलं.

“सारखीच, साहेब.”

“एकही वेगळी नाही?”

“नाही,” मी खाली मान घालून म्हणालो.

“मग हेडमास्तर, मुलांना येतंय. मास्तरांना माप सांगता येत नाही, ते शिकतील. ते बाक दारातून हलवा, मला बाहेर जायचंय.” भिंगरी त्यांनी खिशात टाकली. सरकारी माणसाने शाळेतली वस्तू नेली म्हणून पोच मागावी की नाही, याचा विचार हेडमास्तर फाटकापर्यंत करत गेले.

गुणाजी आणि बुधाजी सूत कोणाचं यावर भांडत एकत्रच चहाला गेले. दोनशे दांड्या टोपलीत तशाच होत्या. मी बाकाच्या कडेला टेकलो. मला खूप थकल्यासारखं झालं होतं आणि हसावं की काय करावं ते कळत नव्हतं. मुलं मात्र घरी जाईनात. दौलत टोपलीतली एक दांडी दुसरीवर ठेवून बघत होता.

“गुरुजी,” शेवंती म्हणाली, “ह्या दोनशेचं काय करायचं? उद्या किती वाजता येऊ?”

“उद्या रविवार आहे.”

“मग काय झालं? खोली आपलीच आहे ना?”

अकरा वर्षांत घंटा झाल्यावर या वर्गात कोणी थांबलं नव्हतं. बाहेर रस्त्यावरून घोषणा देत लोक चालले होते, त्यामुळे मला जरा मोठ्याने बोलावं लागलं.

“आपलीच,” मी म्हणालो. “सातला या.”